डांबर, धूळ आणि बिननावाचा समुद्र

मागच्या अंकात मी कुवेतच्या नोकरीबद्दल थोडं लिहिलं होतं. समुद्राचं पाणी गोडं करणारा एक कारखाना, त्याची प्रयोगशाळा, आणि तिथे १९८४ ते २०१२ पाणी तपासत बसलेली डिचोलीची एक बाई. मधली दीड वर्षं युद्धाने खाल्ली. जाता जाता लिहून गेले की त्या समुद्राला, म्हणजे आखाताला, आठ देश लागून आहेत आणि एकाने ओतलेलं दुसऱ्याच्या नळाला येतं. परवा संपादकांचा फोन आला, "ताई, त्या एका वाक्यावर एकोणीस पत्रं आलीत, आता तुम्हीच निस्तरा." एकोणीस काही जमत नाहीत. सहा घेतली आहेत. नावं छापत नाही, आपला गोवा केवढासा, गावावरून काय ओळखायचं ते लोक ओळखतीलच.

ताई, मे महिना आला की आमच्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे येऊन पडतात. रापण ओढली की जाळ्याला चिकटतात, पायाला चिकटतात. गावात सगळे म्हणतात, अरबांची तेलाची जहाजं टाक्या धुऊन इकडे सोडतात. खरं काय? आणि अरब सरकारकडून नुकसानी मागता येते का?
— एक रापणकार, मोरजी

भाऊ, आधी पायाचं बघू. रॉकेलने घासत बसू नका, कातडी फाटते. खोबरेल चोळा, पाच मिनिटं थांबा, जुन्या सुती फडक्याने पुसा आणि मग साबण लावा. डांबर तेलात सुटतं, पाण्यात नाही. माझ्या एवढ्या वर्षांच्या रसायनशास्त्राचा घरच्यांना झालेला मोठ्यात मोठा उपयोग हाच.

आता अरबांचं. गावात म्हणतात ते सगळं खोटं नाही, पण सगळं खरंही नाही. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने आपल्या किनाऱ्यावरचे गोळे तपासले आहेत. कच्च्या तेलाला माणसाच्या बोटांच्या ठशासारखी ओळख असते. कोणत्या विहिरीचं तेल, ते त्यातल्या काही हट्टी रेणूंवरून सांगता येतं, कारण ते रेणू उन्हापाण्यात महिनोन् महिने टिकतात. त्यावरून काही गोळ्यांचा माग मुंबई हायच्या तेलक्षेत्रापर्यंत गेला, काहींचा टँकरांच्या धुतलेल्या टाक्यांपर्यंत. म्हणजे आपल्या घरचं तेलही त्यात आहे. मे-जूनला वारा नैऋत्येचा होतो आणि जे काही बाहेर तरंगत असतं ते आपल्या वाळूत आणून टाकतो.

टँकरांचं प्रकरण मात्र सांगण्यासारखं आहे. जहाजांच्या प्रदूषणासाठी मारपोल नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, १९७३ चा. त्यात पहिल्यापासूनच आखाताला 'विशेष क्षेत्र' ठरवलेलं होतं. तिथे टँकरने मालाच्या टाकीतलं तेलकट पाणी समुद्रात सोडायचंच नाही. पण मग ते पाणी कुठे ओतायचं? बंदरात ते उतरवून घेणारी सोय हवी, आणि ती आखातातल्या देशांनी करीपर्यंत नियम लागू होऊ शकत नव्हता. तो लागू झाला १ ऑगस्ट २००८ ला. कागदावरून पाण्यात उतरायला नियमाला पस्तीस वर्षं लागली.

या विशेष क्षेत्राची हद्द ओमानच्या रास अल हद्दच्या टोकाशी संपते. ती ओलांडून उघड्या अरबी समुद्रात आलं की साधा नियम चालतो. किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांच्या पलीकडे, जहाज चालतं असताना, दर सागरी मैलाला ३० लिटरपर्यंत तेल सोडलं तर तो गुन्हा नाही. एकूण मर्यादा मालाच्या तीस हजाराव्या हिश्श्याची. ऐकायला थेंबभर वाटतं. दोन लाख टन तेल वाहिलेल्या जहाजाचा हिशेब करा, साडेसहा टन होतात. हे कायद्यात बसणारं झालं, रात्रीच्या अंधारात होतं ते वेगळंच. नव्या जहाजांना समतोलाच्या पाण्यासाठी वेगळ्या टाक्या असतात, त्यामुळे पूर्वीइतकं धुणं आता होत नाही, हेही सांगायला हवं.

नुकसानी अरब सरकारकडून मिळायची नाही. ती जहाजाच्या मालकाकडून किंवा तेलगळतीच्या आंतरराष्ट्रीय निधीतून मिळते, आणि त्यासाठी तेल जहाजातून सांडल्याचं दाखवावं लागतं. इथेच आपण मार खातो. गोळे आले की पंचायत टोपल्या घेऊन माणसं लावते आणि संध्याकाळपर्यंत किनारा साफ. पुरावाही त्याच टोपलीतून गेला. तेव्हा एक करा. गोळा दिसला की अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा (प्लास्टिकच्या पिशवीत नको, प्लास्टिक स्वतःच तेलात उतरतं), काचेच्या बरणीत घाला, वर तारीख, वेळ आणि जागा लिहा, बरणी सावलीत ठेवा. लोणच्याची बरणी चालेल, मात्र कोरडी आणि तेलाचा वासही नसलेली. मग तटरक्षक दलाला कळवा, समुद्रातल्या तेलगळतीचं काम आपल्या देशात त्यांच्याकडे आहे.

आणखी एक गोम आहे. आखात आणि ओमानचा समुद्र सांभाळणारं कार्यालय कुवेतला आहे. भारत-पाकिस्तानच्या बाजूचा समुद्र दक्षिण आशियाई देशांच्या संस्थेकडे, तिचं कार्यालय कोलंबोला. तुमच्या जाळ्यातला गोळा दोन कार्यालयांच्या मधल्या रेघेवरून पोहत आलेला असतो, आणि त्याला दोन्हीकडे वाली नाही.

इराण आणि अरब एकमेकांचं तोंड बघत नाहीत असं वाचतो. मग आठ देशांनी मिळून समुद्र कसा सांभाळला? तुम्ही लिहिता तसं खरंच काही चालत होतं, की नुसत्या सह्या?
— निवृत्त पोस्टमास्तर, मडगाव

काका, समुद्र सांभाळायच्या करारावर सह्या झाल्या २४ एप्रिल १९७८ ला, कुवेतमध्ये. बहारीन, इराक, इराण, ओमान, कतार, कुवेत, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती. त्या वेळी इराणात शहा होता. पुढच्या वर्षी तिथे क्रांती झाली, त्याच्या पुढच्या वर्षी इराक-इराण युद्ध पेटलं, आणि करार तेवढा राहिला.

पहिलं भांडण समुद्राच्या नावावरून. इराणी म्हणणार पर्शियन आखात, अरब म्हणणार अरबी आखात, आणि दोघेही दुसऱ्याचं नाव असलेल्या कागदाला हात लावायला तयार नाहीत. तोडगा असा निघाला की कार्यालयाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून 'रॉपमी' म्हणायचं आणि समुद्राला 'रॉपमी सागरी क्षेत्र'. कचेरीवरून नाव पडलेला समुद्र दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. तुम्ही डाकखात्यातले, पत्त्याशिवाय पत्र पोचवायचं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

आमच्या प्रयोगशाळेत याचा अर्थ एका बाटलीत मावायचा. गडद तपकिरी काचेची बाटली. आधी हेक्झेनने (तेल विरघळवणारा द्रव) तीनदा विसळायची, झाकणाखाली अॅल्युमिनियमचा कागद लावायचा. लेबलावर तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, खोली. समुद्राचं नाव लिहायचं नाही. एका नव्या मुलीने हौसेने एक नाव लिहिलं. आमचे मुख्य रसायनतज्ज्ञ इजिप्तचे, शांत माणूस. त्यांनी तिच्या हातात ब्लेड दिलं आणि लेबल खरवडून काढायला लावलं. म्हणाले, "पाण्याला विचार त्याचं नाव काय. सांगितलं तर लिही."

आणि मोनॅकोहून यायची ती बरणी. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची सागरी प्रयोगशाळा मोनॅकोत आहे. तिथे एकाच ठिकाणचा समुद्रतळाचा गाळ वाळवायचे, दळून चाळून एकजीव करायचे, आणि त्याच्या सारख्या बरण्या देशोदेशीच्या प्रयोगशाळांना पाठवायचे. प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर तेल आणि धातू मोजायचे, आकडे परत कळवायचे. तुमचं शिसं जास्त आणि शेजाऱ्याचं कमी आलं तर समुद्रात फरक नाही, तुमच्या यंत्रात आहे. कुवेतला जो गाळ, तोच इराणला. पुढाऱ्यांच्या हस्तांदोलनाचे फोटो मी पुष्कळ पाहिले आहेत, पण मला विचाराल तर करार त्या बरणीत होता.

आता दुसरी बाजू. मी जायच्या आदल्या वर्षी, १९८३ मध्ये, इराणच्या नौरूझ तेलक्षेत्रात एका टँकरने विहिरीच्या फलाटाला धडक दिली आणि तेल वाहू लागलं. पुढच्याच महिन्यात इराकी हल्ल्यात आणखी विहिरी फुटल्या. करारात दोघेही देश होते. विहिरी बुजवायला जाणाऱ्या माणसांना गोळी लागणार नाही, एवढी हमीही मिळेना. बैठका झाल्या, फिसकटल्या. शेवटच्या विहिरी १९८५ साली बंद झाल्या. मी रुजू झाले तेव्हा आमच्या कारखान्याच्या तोंडाशी समुद्रात नारिंगी रंगाची तरंगती पट्टी बांधलेली होती. तिला बूम म्हणतात, तेल अडवायला. रोज सकाळी एक पाकिस्तानी फोरमन होडीतून तिची पाहणी करून यायचा आणि आम्हाला एकच शब्द सांगायचा, "साफ" किंवा "काला". त्यावर दिवसभराचं पाणी ठरायचं.

करार युद्ध थांबवत नाही, हे उघड आहे. पण बहारीनमध्ये १९८२ पासून याच कराराखालचं आपत्कालीन केंद्र आहे. तवंग दिसला की त्यांनी आठही देशांना कळवायचं. आमच्या पाळीच्या रजिस्टरच्या मागच्या पुठ्ठ्यावर त्या केंद्राचा नंबर लाल शाईने लिहिलेला होता. युद्धाच्या काळातही तो कुणी खोडला नाही.

हे एवढं तरी का चाललं, यावर माझं स्वतःचं मत आहे. आखात उथळ आहे, सरासरी खोली ३५ मीटर, बाहेर जायला होर्मुझची एकच चिंचोळी वाट, आणि आतलं पाणी बदलायला वर्षं लागतात. किनाऱ्यावरचे बहुतेक देश तेच पाणी गोडं करून पितात. २००८ च्या उन्हाळ्यानंतर ओमान-फुजैराच्या बाजूने लाल शेवाळ सुरू झालं, आठ-नऊ महिने टिकलं, आखातात शिरलं, मासे मेले आणि अमिरातींत गोडं पाणी करणारे कारखाने बंद ठेवावे लागले. असल्या पाण्यात वरचा वाडा-खालचा वाडा नसतो. ज्याने घाण केली त्यालाही ती प्यावी लागते. नदीचं तसं नाही, आणि त्यावर पुढचं पत्र आहे.

मुलांना म्हादई शिकवताना वर्गात प्रश्न येतो, "बाई, कर्नाटकाने पाणी वळवलं तर आपण काय करायचं?" अरब देशांत असल्या नद्यांचं काय करतात? लवाद असतो का?
— एक शिक्षिका, साखळी

बाई, मुलांना सांगा, आपण त्या मानाने सुखी. आपल्याला लवाद मिळाला. त्याने २०१८ साली म्हादईचं पाणी १८८ टीएमसी धरून वाटे पाडले, आपण नाराज होऊन सर्वोच्च न्यायालयात गेलो, आता 'प्रवाह' नावाचं प्राधिकरण पणजीत बसलं आहे. त्याचं पुढे काय होईल ते होवो, दार ठोठवायला दार तरी आहे. दोन देशांच्या डोक्यावर असं न्यायालय नसतं. दोघेही कबूल असतील तरच खटला उभा राहतो.

युफ्रेटिस आणि टायग्रिस दोन्ही तुर्कस्तानातून उगवतात. तुर्कस्तान अरब देश नाही, सगळी मेख तिथे आहे. त्यांनी वर धरणांची माळ बांधली. जानेवारी १९९० मध्ये अतातुर्क धरण भरायला त्यांनी युफ्रेटिस महिनाभर अडवली. महिनाभर! आमच्या प्रयोगशाळेत बसऱ्याचा एक तंत्रज्ञ होता, त्याला घरून फोन आला की नदीच्या कडेचा चिखल दिसतोय. तोपर्यंत सिरिया आणि इराक, दोन्हीकडे बाथ पक्षाचीच राजवट, आणि एकमेकांचे कट्टर वैरी. १९७५ साली सिरिया त्याच नदीवरचं ताब्का धरण भरत असताना दोघांनी सीमेवर फौजा आणल्या होत्या. असे दोघे त्या सुमारास एका कागदावर आले. सीमेवरून जेवढं येईल त्यातलं सिरियाला ४२ टक्के, इराकला ५८ टक्के.

त्याआधी १९८७ साली तुर्कस्तानने सिरियाला शब्द दिला होता, सेकंदाला ५०० घनमीटर सोडू. वर्षाचा हिशेब केला तर साडेपाचशे टीएमसी होतात, म्हणजे जवळजवळ तीन म्हादया. आता वर्गातल्या कुळागरवाल्यांच्या मुलांना हे दोन करार शेजारी ठेवून विचारा, चांगला कुठला? पाटाचं पाणी पाळीने घेणाऱ्या घरातलं पोर लगेच सांगेल. ठराविक घागरी देतो म्हणणारा दुष्काळात म्हणतो, नाहीच तर देऊ कुठून. वाटा ठरलेला असला की दुष्काळही वाटला जातो. अरब-अरब करार त्या बाबतीत शहाणा होता. पण वाटा पाडायचा तो वरून काही आलं तर! १९९७ साली संयुक्त राष्ट्रांत आंतरराष्ट्रीय नद्यांचा करार मताला आला, तेव्हा विरोधात तीनच मतं पडली, चीन, बुरुंडी आणि तुर्कस्तान. तिघेही आपापल्या नद्यांच्या वरच्या अंगाला राहणारे.

शेवटी भोगलं कोणी, तर सगळ्यांत खालच्या बसऱ्याने. दोन्ही नद्या मिळून शत्त अल-अरब होते आणि आखाताला मिळते. वरून गोड्या पाण्याचा रेटा कमी झाला, इराणनेही आपल्या बाजूची कारून नदी आतल्या भागाकडे वळवली, आणि समुद्राचं खारं पाणी नदीतून वर चढू लागलं. खाजन शेतीच्या गावात वाढलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे बांधाला मानस असते, भरतीला दार आपोआप मिटतं. तिथे अख्ख्या नदीला मानस कोण घालणार? २०१८ च्या उन्हाळ्यात बसऱ्यात खारट, सांडपाणी मिसळलेलं पाणी पिऊन १ लाख १८ हजारांवर माणसं इस्पितळात गेली. २०२३ मध्ये इराक संयुक्त राष्ट्रांच्या जुन्या जलकरारात सामील झाला, त्या भागातला पहिलाच देश. शेजारी त्यात नसले तर एकट्याने सामील होऊन काय, असं मला वाटत होतं. आता वाटतं, भांडणात आपला कागद आधीच तयार असलेला बरा.

नाईलचं विचारलं नाहीत म्हणून एकच ओळ. इथिओपियाने मोठं धरण बांधून २०२५ मध्ये त्याचं उद्घाटनही केलं, आणि इजिप्त अजून १९५९ च्या वाटपाचे साडेपंचावन्न अब्ज घनमीटर धरून बसला आहे. त्या वाटपात इथिओपियाला कुणी बोलावलंच नव्हतं.

आमच्या गावात खाणी चालू होत्या तेव्हा तुळशीच्या पानावर लाल धूळ बसायची. कुवेतच्या धुळीच्या वादळांबद्दल तुम्ही लिहिलं होतं. ती धूळ कुणाची?
— एक गृहिणी, मुळगाव

मी मुळगावच्या पलीकडचीच, तेव्हा ती लाल धूळ माझ्याही कपड्यांच्या दोरीवर बसलेली आहे. पण आपल्या धुळीला मालक सापडायचा. ट्रक दिसायचा, त्यावर नंबर असायचा, रस्त्यावर पाणी मारा म्हणून पंचायतीत ओरडता यायचं.

कुवेतमध्ये धुळीच्या वादळाला 'तोज' म्हणतात. उन्हाळ्यात वायव्येकडून शमाल वारा सुटतो. सकाळी आकाश तांबूस, मग पिठासारखी बारीक धूळ. खिडकीच्या फटींना ओले टॉवेल लावायचे, तरी संध्याकाळी भाकरीच्या पिठात दातांखाली कचकच यायची. प्रयोगशाळेत हवा खेचून घेणारा गोल कागद असायचा, पांढरा, तळहाताएवढा. सकाळी वजन करून लावायचा, दुसऱ्या दिवशी काढून पुन्हा वजन. तोजच्या दिवशी तो काढताना हाताला जड लागायचा. सूक्ष्मदर्शकाखाली कुवेतच्या वाळूचे जाडे दाणे वेगळे, आणि ही माती वेगळी, नदीकाठची, चिकणी. बसऱ्याच्या आमच्या तंत्रज्ञाने एकदा ती चिमटीत घेऊन म्हटलं होतं, "ही माझ्या मामाच्या शेतातली." थट्टाच होती, पण पत्ता अगदीच चुकीचा नव्हता.

दक्षिण इराकात हजारो चौरस किलोमीटरच्या दलदली होत्या, बोरूच्या बेटांवर माणसं राहत, म्हशी पाळत. १९९१ च्या बंडानंतर सद्दामने बंडखोरांना लपायला जागा उरू नये म्हणून कालवे खणून त्या आटवल्या. शतक संपताना दहाव्या हिश्श्याएवढ्याही उरल्या नव्हत्या. २००३ मध्ये राजवट पडताच लोकांनी स्वतः फावड्यांनी बांध फोडले आणि काही भागात पाणी परतलं, पण वरच्या धरणांमुळे पुरेसं नाही. त्यातली हवीझेची दलदल तर काही इराकात, काही इराणात. सुकलेला तळ वाऱ्यावर उडतो तेव्हा कुणाचा ट्रक, कुणाचा नंबर? २०२२ च्या वसंतात इराकमध्ये वादळांमागून वादळं आली, हजारो लोक श्वास कोंडून इस्पितळात गेले.

यावर कुवेतने अलीकडे काढलेली युक्ती मला पटली. त्यांच्या शास्त्रज्ञांनी धुळीचा उगम दक्षिण इराकातल्या काही ठराविक पट्ट्यांत दाखवला, आणि कुवेतचा पैसा तिकडे जमीन धरून ठेवायला, झुडपं लावायला जातो. शेजाऱ्याच्या अंगणात झाडू मारायला आपण माणूस पाठवावा तसं. सौदीने २०२१ मध्ये सगळ्या प्रदेशात मिळून ५० अब्ज झाडं लावायची घोषणा केली. त्यांना पाणी कुठून घालणार, हे मी अजून शोधते आहे.

तेलविहिरी जाळल्या, धूर शेजारच्या देशांत गेला, तर भरपाई कोणी दिली का? की नुसते निषेध?
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, फोंडा

दिली, बाबा. आणि ती कशी दिली हे रसायनशास्त्राच्या मुलाने जरूर वाचावं.

ऑगस्ट १९९० मध्ये आम्ही कुवेतमधून निघालो ते बसने, बगदादवरून अम्मानला, आणि तिथून एअर इंडियाने मुंबईला. आमच्यासारखे पावणेदोन लाखांच्या आसपास लोक त्या वाटेने आले. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने सहाशेहून जास्त विहिरी पेटवल्या, समुद्रातही तेल सोडलं. शेवटची विहीर बुजली ६ नोव्हेंबर १९९१ ला. आम्ही १९९२ मध्ये परतलो. स्वयंपाकघराचं बंद कपाट उघडलं. आत उपडे ठेवलेले चहाचे कप, बंद दारामागे, आणि प्रत्येक कपाच्या खाली ताटलीवर एक स्वच्छ पांढरं वर्तुळ. बाकी सगळं काळं. एक कप मी धुतला नाही. तो इथे डिचोलीत आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने इराककडून भरपाई वसूल करायला आयोग नेमला, इराकच्या तेलविक्रीतला वाटा कापून. एकूण ५२ अब्ज डॉलरच्या वर भरपाई मंजूर झाली, शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये कुवेतला मिळाला. पर्यावरणाच्या नुकसानीसाठी त्यातले पाच अब्जांवर. दावे करणाऱ्यांत कुवेत, सौदीबरोबर इराण, जॉर्डन, सिरिया, तुर्कस्तानही होते. जॉर्डनमध्ये निर्वासितांबरोबर आलेल्या जनावरांनी कुरणं बोडकी केली, त्याचेही पैसे मिळाले.

पण सगळे दावे पास झाले नाहीत. आयोगाने विचारलं, नुकसान म्हणता, तर आधी काय होतं ते दाखवा. ज्यांच्याकडे युद्धाआधीचे आकडे नव्हते त्यांची पंचाईत झाली. म्हणून आयोगाने २००१ मध्ये पर्यावरणाचा पहिला हप्ता दिला तो निव्वळ पाहणी आणि मोजणीसाठी, २४ कोटी डॉलर. आधी मोजा, मग मागा. आमच्या प्रयोगशाळेतल्या १९८४ पासूनच्या वह्या मात्र सापडल्या नाहीत. कुणी तरी त्या सामानाबरोबर भंगारात काढल्या होत्या. त्या वह्यांतले निम्मे आकडे माझ्या हातचे होते. मला त्या कपापेक्षा त्या वह्यांचं जास्त वाईट वाटतं.

तुला आणखी एक उदाहरण देते, उलट दिशेचं. येमेनच्या किनाऱ्यावर 'सेफर' नावाचा १९७६ साली बांधलेला टँकर तेलाची कोठी म्हणून नांगरलेला होता. युद्धामुळे देखभाल बंद, पोटात ११ लाखांवर पिंपं तेल. फुटला असता तर तांबड्या समुद्राचे दोन्ही किनारे गेले असते, सफाईचा अंदाज २० अब्ज डॉलर. संयुक्त राष्ट्रांना दुसरं जहाज विकत घ्यायला पैसे जमवता जमवता वर्षं गेली, शेवटी सामान्य लोकांकडूनही वर्गणी मागितली. जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये अठरा दिवसांत तेल उपसलं. कांदोळीला रुतलेलं 'रिव्हर प्रिन्सेस' हलवायला आपल्याला बारा वर्षं लागली, म्हणून नावं कुणाला ठेवायची तो प्रश्नच आहे.

मुलगा दोह्याला नोकरीला आहे. समोर इराणची अणुभट्टी, मध्ये समुद्र, आणि पाणी त्याच समुद्राचं. रात्री झोप लागत नाही. खरं किती घाबरायचं? ता. क. तिकडे जाडे पोहे मिळतात का?
— एक आई, म्हापसा

ताई, तुमची भीती खुळी नाही. बुशहरची अणुभट्टी २०११ पासून वीज देते, आणि ती तेहरानपेक्षा कुवेत शहराला जवळ आहे. कतारचं पिण्याचं पाणी जवळजवळ सगळं समुद्राचं. पण हे तिथल्या सरकारलाही ठाऊक आहे. २०१८ च्या अखेरीस त्यांनी देशाला सात दिवस पुरेल असा पाण्याचा साठा करणाऱ्या प्रचंड टाक्या सुरू केल्या. अणुअपघात झाला तर शेजाऱ्यांना लगेच कळवायचं, असा १९८६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, आणि मघाशी सांगितलेलं बहारीनचं केंद्र आहेच.

मुलाला दोन गोष्टी विचारा. इमारतीच्या गच्चीवरची टाकी वर्षातून किती वेळा धुतात? आणि घरात पाण्याचे वीस लिटरचे किती कॅन भरून ठेवलेत? एक असं उत्तर आलं तर रागवा. मी स्वयंपाकघरात चार ठेवायची, खाटेखाली दोन, आणि आमचे हे मला हसायचे. १९९० च्या ऑगस्टमध्ये पहिले चार दिवस नळ कोरडे होते, तेव्हा हसणं थांबलं.

पोहे मिळतात. जाडेही मिळतात. ओलं खोबरं मात्र तिकडचं घ्यायला सांगू नका, गोडसर असतं. इथूनच किसून, थोडं परतून पाठवा.